गिलास किती होते?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"ताई, मी देसाईगंज तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या गावरंगभूमीच्या, कंपन्यांसाठी नाटकंही लिहिते. यंदा वडशाच्या एका कंपनीच्या मालकांनी खुनाचं नाटक मागितलंय. जागा माझ्या डोक्यात पक्की आहे: आमच्या भागातला एक खासगी क्लब. राइस मिलवाले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. बाकी कोणाला फाटकाच्या आत पाय ठेवता येत नाही. माझे बाबा तिथे अनेक वर्षं स्वयंपाकी होते. मालक म्हणतात, 'आपल्या मानसाले क्लब का समजते जी? मुंबईचा बंगला दाखवा.' दुसरी अडचण मोठी आहे. बारा वर्षांपूर्वी त्या क्लबात वाढप्याचं काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्रीतून गेला. साप चावला असं लिहिलं गेलं, पण अंगावर खूण नव्हती असं लोक म्हणतात. त्याची आई आमच्याच गावात राहते. बाबा त्या रात्री तिथे होते. विचारलं की म्हणतात, 'ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर लिहू नको.' मी लिहू की नको? आणि लिहायचं तर खून, पोलीस, तपास हे सगळं खरं कसं वाटेल?" — एक लेखिका, जि. गडचिरोली

ताई,

नाटक लिहा. क्लब ठेवा, खून ठेवा, गडचिरोली जिल्हाच ठेवा. त्या मुलाचं मरण मात्र त्यात घेऊ नका. नाव बदलून नको, साल बदलून नको, सापाच्या जागी दुसरं काही घालूनही नको.

नाटकातला खुनी पहाटेपर्यंत सापडावा लागतो. म्हणजे त्या मुलासाठी तुम्हाला एक खुनी नेमावा लागेल. तो नेमायला तुमच्या हातात आहे काय? अंगावर खूण दिसली नाही, एवढंच. आपल्या भागात मण्यार आहे. तो रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि दात इतके बारीक की खूण कित्येकदा दिसतच नाही. दुखतही नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोटात कळ येऊन, मग पापण्या जड होतात, जीभ जड होते, श्वास अडकतो. तेव्हा खूण नव्हती यावरून साप नव्हता असं म्हणता येत नाही. साप होताच असंही म्हणता येत नाही. बारा वर्षं गावाने जी कुजबुज केली तिच्यावर तुम्ही रंगमंचावरून शिक्का मारलात, तर तो पुसता येणार नाही.

एवढ्याशा तालुक्यात कोण कोणावर बेतलंय हे लोक पहिल्या प्रवेशात ओळखतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अब्रुनुकसानीचं आहे, आणि नाव न घेता केलेला इशाराही त्यात येऊ शकतो. पण कायद्याचं राहू द्या. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री त्या मुलाची आई त्याच कनातीत बसलेली असेल. तिच्या मुलाचं मरण म्हणजे दुसऱ्या अंकाचा शेवट, आणि त्यावर शिट्ट्या पडताहेत, हे तिने का पाहायचं? तिला न विचारता तो प्रसंग तुमचा होत नाही. तिच्यासाठी काही करता येण्यासारखं आहे, पण त्याची जागा रंगमंच नाही. त्याकडे मी शेवटी येते.

आता मालकांचा आक्षेप. झाडीतल्या माणसाला क्लब समजत नाही, हे मला मुळीच पटत नाही. आतला क्लब त्याने पाहिला नसेल, पण फाटक त्याने आयुष्यभर पाहिलंय. मिलच्या दारात धानाची पोती घेऊन तो ताटकळला आहे. तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी ठेकेदाराच्या अंगणात उभा राहिला आहे. गावातली वीज गेल्यावर कोणत्या एका आवारात जनरेटरचा उजेड पडतो हे त्याला पाठ आहे. तुमचा प्रेक्षक फाटकाच्या बाहेरचा आहे आणि तुम्ही त्याला एका रात्रीपुरतं आत नेणार आहात. मुंबईच्या बंगल्यात त्याला एवढा रस कुठून येणार?

मोठ्या क्लबांची नक्कलही करू नका. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये सीपी क्लब आहे, गोंडवाना क्लब आहे. तिथली झुंबरं आणि हिरवळ वडशाच्या पडद्यावर रंगवली तर ती उसनीच वाटणार. जुन्या क्लबांची एक रीत तेवढी उचला. नवा सदस्य घ्यायचा तर एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि मग पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून गुप्त मतदान. कित्येक ठिकाणी एक काळी गोटी पडली तरी अर्ज बाद व्हायचा, आणि ती कोणी टाकली हे कोणाला कळायचं नाही. तुमचा क्लब मिलवाल्यांचा आहे, तर गोटीऐवजी डब्यात दाणा टाकू द्या. तांदूळ म्हणजे हो, धान म्हणजे नाही. सचिव डबा थाळीत उपडा करतो, बोटाने दाणे सारतो आणि म्हणतो, "एक धान." खुनाचं कारण तिथे पेरता येईल. कोणाचा अर्ज फेटाळला गेला, धान कोणी टाकलं, आणि सचिवाला ते कसं ठाऊक? कारणाचा फार घोळ घालू नका. पैसा, अपमान, भीती यांपैकी एक पुरे.

मुंबईच्या बंगल्यात मिळणार नाही अशी खरी गोष्ट तुमच्या पायाखालीच आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे आज एकाच नदीचा एक काठ कोरडा आणि एक ओला. कोरड्या काठावरच्या तुमच्या क्लबात रात्री पत्त्यांसोबत काय चालतं हे सगळ्यांना माहीत असेल, पण कागदावर तिथे फक्त चहा असतो. बंद दाराच्या खूनकथेत सगळे संशयित खोटं बोलतात आणि ते का बोलतात याची जुळवाजुळव करता करता लेखकाचा जीव जातो. तुम्हाला ती करावी लागणार नाही. तुमचे सगळे सदस्य पहिल्या मिनिटापासून खोटं बोलणार, आणि त्यातल्या एकाच्या खोट्याखाली खून असणार. माझ्या मते तुमच्या नाटकाचा कणा हाच आहे, आणि तो झाडीतच उभा राहू शकतो.

दार बंद करायला पूर आणा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं तेव्हा वैनगंगेने दोन्ही काठांवर काय केलं ते तुमच्या प्रेक्षकाने भोगलंय, त्याला समजावून सांगावं लागणार नाही. क्लब थोड्या उंचवट्यावर. संध्याकाळी सहा जण पत्त्यांना बसतात, रात्री रस्ता पाण्याखाली जातो. पुलावरून पाणी, डोंगा कोणी घालायला तयार नाही. आत सहा सदस्य, एक स्वयंपाकी, एक भांडी घासणारी बाई, एक चौकीदार, आणि पाणी वाढायच्या आधी पलीकडून आलेली एकच बाटली. वाघाच्या भीतीनेही फाटक बंद करता येईल. २०२२ मध्ये पकडलेल्या सीटी-१ वाघाने वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी भागात तेरा माणसं मारली होती, ती दहशत लोक विसरलेले नाहीत. पण मी पूरच घेईन. गडचिरोलीत कोणी मेलं की बाहेरच्यांना वाघ आणि नक्षलवादी एवढंच सुचतं. तुमच्या नाटकात मारेकरी इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसलेला असू द्या.

आता गिलास. बंदीच्या जिल्ह्यात चोरून पिणारे काचेचा पेला कशाला काढतील? स्टीलचा गिलास घेतील, म्हणजे आत काय आहे ते लांबून दिसत नाही. रंगमंचावर मागच्या बाजूला एक मोठी फळी ठेवा. फळीवर स्टीलचे गिलास ओळीने पालथे. भांडी घासणारी बाई रोज गिलास पालथे ठेवते. ती पहिल्याच प्रवेशात ते करताना दिसली पाहिजे, एखादं गाणं गुणगुणत. सहा जण बसतात, सहा गिलास भरले जातात. रात्री एक जण खुर्चीतच मान टाकतो. ओरड होते. आणि मेलेल्या माणसाच्या नाडीला हात लावायच्या आधी बाकीचे काय करतात? बाटली नदीत फेकतात. "गिलास उचल, धुऊन टाक, आम्ही चहा घेतला होता." बाई गिलास गोळा करते. ते पाच भरतात.

सहावा फळीवर आहे. ओला आहे. आणि उभा आहे.

म्हणजे ओरड व्हायच्या आधीच कोणीतरी तो धुतला. बाईने धुतलेला नाही, कारण ती उभा ठेवत नाही. ज्याने आयुष्यात स्वतःचा गिलास कधी विसळला नाही, अशा कोणीतरी आज दुसऱ्याचा गिलास धुतलाय. बाकीच्या चौघांनी दारूबंदीच्या भीतीने जो पुरावा पुसला, तो पुसला जाणार हे त्या एकाला आधीच ठाऊक होतं. त्यावरच त्याने डाव मांडला. तो कोण, हे मी सांगणार नाही, नाटक तुमचं आहे. पण ही पेरणी प्रामाणिक ठेवा. तो उभा गिलास तिसऱ्या अंकात अचानक कोणाला आठवला, असं नको. तो अख्खी रात्र दिव्याच्या झोतात चमकत राहिला पाहिजे. दोन हजार माणसांनी तो पाहिलेला असावा आणि कोणाच्याच ध्यानात आलेला नसावा.

लपवायचं कसं, तर हशात. झाडीपट्टीचा विनोदी नट ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपल्या लोकांनी अभिमानाने मिरवलंय. चौकीदाराचं पात्र विनोदी करा. "बसले सहा, गिलास पाच, एकानं का ओंजळीनं पेली का जी?" हे वाक्य त्याच्या तोंडी रंगेल अंगाने येऊ द्या. लोक हसतील आणि पुढे जातील. पुढच्या अंकात तोच प्रश्न फौजदार विचारेल, तेव्हा कनातीत एकदम शांतता होईल. जी खूण गंभीर आवाजात सांगितली जाते तिच्यावर प्रेक्षक लगेच बोट ठेवतो.

तुमचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणार. मध्ये लेकरं झोपणार, म्हातारे डुलकी काढणार, कोणी चहाला जाऊन येणार. तीनला जागा झालेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "का झालं?" त्या शेजाऱ्याचं काम तुम्ही करा. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला बाई आणि चौकीदार आवरता आवरता रात्रीची उजळणी करतील, हवं तर गाण्यातून. गाणी, नाच या गोष्टींना विरोध करू नका. क्लबात पावसात अडकलेली श्रीमंत माणसं गाणं लावणारच.

विषाबद्दल माझी एक विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते. कोणत्याही कीटकनाशकाचं नाव रंगमंचावर घेऊ नका. किती घातलं, किती वेळात परिणाम झाला, काहीही सांगू नका. आपल्या विदर्भात घरोघरी ती बाटली आहे, आणि प्रेक्षकांत कर्जाने, नापिकीने खचलेला माणूस असणारच. नाटकाला त्या तपशिलाची गरजही नाही. क्लबातला डॉक्टर म्हणतो, "खराब दारू बाधली." स्वयंपाकी विचारतो, "बाटली एकच होती साहेब. मग तुमाले काहून नाही बाधली?" एवढं पुरे.

आता पोलीस. नाटकांमध्ये फौजदार येतो, दोन थपडा मारतो आणि कबुली घेतो. असं लिहू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. हे जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढाच भाग धरला जातो. म्हणजे तुमच्या खुन्याच्या कबुलीपेक्षा त्याने लपवलेली वस्तू महत्त्वाची.

खरा क्रम असा. गावात संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस पाटलाने पोलीस ठाण्याला कळवायचं. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने ते त्याचं काम आहे. सुरुवातीला खुनाचा गुन्हा नोंदला जाईलच असं नाही. बहुधा आधी अकस्मात मृत्यूची, म्हणजे मर्गाची नोंद होते. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली प्रेताचा पंचनामा होतो, आणि त्याला त्या परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात.

ताई, इथे थोडं थांबा. क्लबातले सगळे प्रतिष्ठित त्या रात्री संशयित आहेत. पंच आणायचे कुठून? गावातून. पाणी थोडं उतरल्यावर पोलीस पाटील डोंग्यातून येतो, आणि त्याच्यासोबत डोंगा वल्हवणारा ढिवर आणि एक धानाचा शेतकरी. आजवर ज्यांना फाटकातून हाकललं, त्यांना कायदा आत बोलावतो. ते खोलीखोलीतून फिरतात, फळीपुढे उभे राहतात, दिसलं ते सांगतात, हवालदार लिहून घेतो, दुसरा मोबाइलवर चित्रीकरण करतो. ज्याने कधी त्यांच्या नमस्काराला मान हलवली नाही, तो मिलमालक त्यांच्याकडे हात चोळत बघतोय. तुमच्या मालकांना सांगा, टाळ्या इथे पडणार. आणि उभ्या गिलासाकडे बोट त्या ढिवरालाच दाखवू द्या, कारण त्याच्या घरीही गिलास पालथेच असतात.

मग प्रेत शवविच्छेदनाला जातं. विषाचा संशय असला की व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल त्याच रात्री येत नाही, खूप थांबावं लागतं. त्यामुळे एका रात्रीत सगळं उलगडायचा हट्ट धरू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये काही महिने जाऊ द्या. पूर ओसरलाय, धान कापून झालंय, क्लब पुन्हा सुरू झालाय, सहावी खुर्ची भिंतीला लावून ठेवलीय, आणि प्रयोगशाळेचा कागद येतो. कायदे १ जुलै २०२४ पासून बदललेत. नाटक आजचं असेल तर खुनाचं कलम १०३ येईल. २०२० च्या पुरात घडवलंत तर जुनं ३०२, आणि तेव्हा पलीकडचा काठही कोरडाच होता हे विसरू नका. लोकांच्या तोंडात "तीनशे दोन" इतकं बसलंय की हवालदार "एकशे तीन" म्हणाला तर चौकीदाराने बोटं मोजत "मंग बाकीचे कोठी गेले?" असं जरूर विचारावं.

आणि शेवट. पाचही जणांचं पहिलं निवेदन शब्दशः सारखं: "आम्ही रमी खेळत होतो, चहा घेतला." गिलासाचा पुरावा उभा राहायचा तर कोणीतरी आधी म्हणायला हवं की गिलासात दारू होती. म्हणजे खुनी पकडून द्यायला एका प्रतिष्ठित माणसाला भर गावात स्वतःचा लहान गुन्हा कबूल करावा लागणार. कोण करेल? मला वाटतं, ज्याचं गमावण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्याने करावं. पण बाई त्याच्या आधी बोललेली असली पाहिजे. नोकराने सगळं पाहिलं आणि शेवटी मालकाने सांगितलं तेव्हाच ते खरं ठरलं, असं होऊ देऊ नका. आणि खुनी नोकर काढू नका. त्या धक्क्यात काही नवं नाही. गरिबावर संशय तर आपल्याकडे रोजच घेतला जातो.

मेलेल्या माणसासाठीही कोणी रडू द्या. तो लबाड असेल, सावकारी करत असेल, तरी दुसऱ्या अंकात त्याची बायको किंवा मुलगी फाटकापाशी येऊ द्या आणि नियमाप्रमाणे तिलाही आत येता येऊ नये. खूनकथांत मेलेला माणूस नुसतं कोडं होऊन पडतो, याचा मला नेहमी त्रास होतो.

मालकांशी व्यवहार कागदावर करा: मानधन किती, प्रयोग किती, आणि पोस्टरवर लेखिका म्हणून तुमचं नाव. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत जाईल हेही पाहा.

राहिले बाबा. ते घाबरतात की त्यांना लाज वाटते, मला पत्रावरून कळत नाही. त्या रात्रीबद्दल त्यांना आता विचारू नका. त्यांच्या कामाबद्दल विचारा. किती माणसांचा भात टाकत होतात, कोणाला काय चालायचं नाही, मटणाला मीठ कमी पडलं तर कोण ओरडायचं, हिशोबाची वही कोण लिहायचं, मागचं दार किती वाजता लागायचं. वर्षानुवर्षं त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या माणसाइतका तो क्लब कोणालाच माहीत नाही, आणि त्यांना हे आजवर कोणी विचारलेलं नसणार. तुमचं नाटक त्यांच्या उत्तरांवर चालेल. मिठाचं म्हणाल, तर तो स्वयंपाक त्यांनीच रांधला होता. मीठ जितकं क्लबाचं, तितकंच त्यांच्या घामाचं.

बोलता बोलता ते त्या मुलावर आले, तर वही मिटा आणि नुसतं ऐका. कदाचित ते सांगतील की साप खरंच होता, त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि दवाखान्यात न्यायला गाडी कोणी दिली नाही. कदाचित वेगळंच काही. जे असेल ते नाटकासाठी नाही, त्या आईसाठी आहे. बाबांनी स्वतः तिच्याकडे जाऊन सांगावं, तुम्ही सोबत राहा. पुढे काही करायचं की नाही ते तिने ठरवायचं. करायचं असेल तर बारा वर्षं झाली म्हणून दार बंद झालेलं नाही. खुनाच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. तिने आधी मर्गाचे कागद आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागावी. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. वकिलाची फी तिला भरावी लागणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. तिला अर्ज लिहिता येत नसेल तर तो तुम्ही लिहून द्या, तिच्या शब्दांत, आणि सही करण्याआधी तिला वाचून दाखवा.